वयनीचे पाय मऊ झाले

माझं माहेर धरमतरच्या खाडीकाठचं आणि सासरही खाडीकाठचंच, पेणच्या बाजूला, मधे फक्त पाणी, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा रडले वगैरे नाय, तोच चिखल, तोच वास, रडायचं कशाला. बाप मिठागरात, आई मिठागरात, आम्ही भावंडं चालायला लागलो तशी मिठागरात. मधे चौथीपर्यंत शाळा झाली. मास्तर घरी येऊन बोलले की पोरगी हुशार आहे, पुढे शिकवा, तर बाप बोलला हुशार आहे म्हणूनच कामाला पाहिजे, येडीला घेऊन काय करू. झालं शिक्षण. वाचता येतं मला, एसटीची पाटी वाचते, औषधाच्या बाटलीवरचं वाचते, पेपरात कोण मेलं ते वाचते, तेवढं पुरतं. वय विचारू नका, आधारकार्डावर आहे ते अंदाजाने टाकलेलं, त्याच्याहून जास्तच असेल, कमी नसेल.

सासरी आले तेव्हा घरात थोरली जाऊ होती, हिराबाई. तिला मी वयनी म्हणायची. तुम्हाला सांगायचं आहे ते तिचंच. आमचं कधी पटलं नाय, हे आधी लिहून घ्या, नायतर वाचणाऱ्याला वाटेल दोघी बहिणींसारख्या होत्या. नव्हतो. चूल एक आणि हात चार. मी भात उतरवला की ती झाकण काढून बघणार, मी कालवण केलं की चिंच कमी पडली बोलणार, आणि मी काय गप्प बसणारी नाय, मी बोलायची गो वयनी, तुझ्या जिभेला चिंच पुरणार कधी, ती आधीच एवढी आंबट. सासू दोघींच्या मधे मिशेरी लावत बसायची आणि हसायची, तिला बरं होतं, दोघी एकमेकींशी भांडत होतो म्हणजे तिच्याशी भांडायला वेळ नव्हता.

पण मिठागरात दोघी एकाच बांधावर. दिवाळी झाली की काम सुरू व्हायचं ते पावसाच्या तोंडावर बंद. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालायचं, बांध म्हणजे पाऊल मावेल एवढा, एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला मीठ, घसरली की पाटी गेली आणि शिव्या वेगळ्या. मी घसरलेली आहे. वयनी कधी नाय. भरल्या दिवसांची असताना सुद्धा तिची पाटी कोणी पडलेली बघितली नाय. बाईने चालावं तर असं चालावं. हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाय, का बोलू, ती माझ्या भाताला चांगलं बोलली होती का.

मिठात काम करणाऱ्या बाईचे पाय तुम्ही बघितलेत का ताई? टाचा चिरतात, चिरेत खारं पाणी जातं, झोंबतं, मग घरी आल्यावर कोकमाचं तेल पातळ करून त्या चिरांत भरायचं आणि सकाळी पुन्हा त्याच पाण्यात उतरायचं. तळवा असा होतो की काटा मोडेल पण आत जाणार नाय. म्हणून आमच्याकडे बायका पाय बघतात. सून करायची असेल तर मुलीचे पाय बघायचे, कामाची आहे का कळतं. आणि लेक द्यायची असेल तर त्या घरातल्या आधीच्या सुनेचे पाय बघायचे. तिचे पाय मऊ असले की समजायचं घर सुखी आहे, बाईला चिखलात उतरवत नाय. सासू बोलायची, तोंड खोटं बोलतं, दागिने उसने आणता येतात, पाय कोण उसने देणार.

मला स्थळ बघायला सगळे न्यायचे. भावकीतले न्यायचे, शेजारचे न्यायचे, का, तर माझ्या तोंडाला लगाम नाय. एकदा वडखळच्या बाजूला गेलो, पोहे झाले, चहा झाला, यजमान बोलले मावशी कसं वाटलं घर, मी बोलले घर चांगलं, पोहे खारट, आणि नवरामुलगा सकाळीच पिऊन बसलाय. लग्न मोडलं तिथंच. मुलीचा बाप माझ्यावर चिडला, येताना गाडीत बोलला नाय, पण पुढच्या स्थळाला पुन्हा मलाच घेऊन गेला. माझं बोलणं असं होतं गावात. मी चांगलं बोलले म्हणजे चांगलं, कारण मी चांगलं सहसा बोलतच नाय.

मग काय, बांध फुटले, खाडीचं पाणी आत आलं, कोणी दुरुस्त केले नाय, मिठागरं गेली. थोरले दीर गेले, माझा नवरा गेला. माझ्या मुलाने घर इथंच गावात बांधलं, मी त्याच्याकडे. वयनीचा एकुलता एक सुरेश, तो रोह्याला कंपनीत लागला, शिफ्टची नोकरी, बायको मनीषा शाळेत शिक्षिका, तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक, त्याने आईला तिकडे नेली. चांगला मुलगा आहे तो. हे पण लिहा. मी कडू बोलते पण खोटं बोलणार नाय, मुलगा वाईट नाय.

वयनी विसरायला लागली. आधी माणसांची नावं, मग जेवली का नाय ते. पण चालायची विसरली नाय. दार उघडं दिसलं की निघाली. कुंडलिकेच्या काठाला जाऊन उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, माझी पाटी कुठे ठेवली हो. नदी बघून तिला खाडी वाटायची असेल. एकदा कोलाडच्या रस्त्याला लागली, रिक्षावाल्याने ओळखली म्हणून घरी आली. मग सुरेश-मनीषा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागले, तर ही आतून वरवंट्याने दार बडवायची, बिल्डिंगवाले तक्रार करायला लागले. शेवटी रोह्याच्या बाहेर एक सेंटर आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळतात, तिथं ठेवली. चालायची म्हणून ठेवली, हे लक्षात ठेवा.

गाव काय गप्प बसतं का. भावकीत हळद होती, आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, सुरेश बायकोला घेऊन आला, तर मांडवात एक बाई सगळ्यांसमोर बोलली, सुरेश, आईला कुठे ठेवलीस रे, ब्यांकेच्या लॉकरात? हसले सगळे. मी पण हसले, बोलणं चांगलंच होतं. पण त्याचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला. बोलला काकी, तू चल, तू बघ. लोक मला आई टाकली बोलतात. तू कोणाची भीड ठेवत नायस. तू बघून चांगलं बोललीस तर गाव गप्प बसेल. मी बोलले आणि वाईट निघालं तर? तर बोलला, तुझ्या शब्दावर आईला उचलून घरी आणतो, नोकरी गेली तरी चालेल. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. खोटं नव्हतं ते.

गेले त्याच्या गाडीतून, मनीषा पण सोबत होती. त्याने आदल्या दिवशी सेंटरला फोन करून ठेवला होता, काकी येते म्हणून, मला ते नंतर कळलं, आणि कळलं असतं तरी मला त्यात काय वाटलं नसतं, स्थळ बघायला पण सांगूनच जातात ना.

काय सांगू तुम्हाला, जागा बघून मीच गप्प. खाली फरशी अशी की तोंड बघावं. दारात तगरीची झाडं. सेंटरच्या मॅडम हसून बोलणाऱ्या, या आजी, काय बघायचं ते बघा. मी बघितलं. स्वयंपाकघरात गेले, भात हाताने चेपून बघितला, शिजलेला होता. पाण्याच्या पिंपाचं झाकण काढून वास घेतला. गाद्या उचलून खाली हात घातला, ओल नाय. बुधवारी मासे देतात बोलले, कचऱ्याच्या डब्यात काटे दिसले, म्हणजे देत होते. कोणाच्या अंगाला मुताचा वास नाय. सरकारी दवाखान्यात मी माझ्या नवऱ्याला ठेवला होता, मला वास माहीत आहे.

वयनी खिडकीजवळच्या खाटेवर. लुगडं नाय, गाऊन घातलेला, केस बारीक कापलेले, मी आधी ओळखलीच नाय. तिने मला ओळखलं का नाय देव जाणे, पण बोलली, मी मेली का ते बघायला आलीस गो? मी बोलले मेली असतीस तर सुरेशने फोन केला असता, गाडी काढली नसती. ती हसली. मला बरं वाटलं, जीभ शाबूत आहे म्हणजे बाई शाबूत आहे. मी बोलले चल जरा बाहेर बसू, तर बोलली नाय गो, आज कामाला जायचं नाय, सुट्टी हाय. मला वाटलं गंमत करते.

मग मनीषाने तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं आणि मला तिचे तळवे दिसले. ताई, मी हात लावून बघितला. एक चीर नाय. टाचा गुलाबी, तेल लावून चकचकीत, तान्ह्या पोराचे असावेत तसे पाय. ज्या पायाला काटा लागत नव्हता तो पाय गालासारखा मऊ. मनीषा बोलली इथल्या मावशी रोज तेल लावतात. आणि मला, खरं सांगते, जळल्यासारखं झालं. आयुष्यभर एका बांधावर दोघी चाललो, आणि हिला शेवटी राणीसारखं कोणी पाय चोळून देतं, आणि माझे पाय बघा, ओहोटीला खाडीचा चिखल वाळून फुटतो तसे. मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले, कोणी बघायला नको.

मॅडमनी विचारलं आजी, पास का आम्ही? मी बोलले पास.

गावात पोह्याचे पापड लाटायचे दिवस होते, एका ओट्यावर साताठ बायका बसलेल्या, त्यात ती हळदीतली लॉकरवाली पण होती. मला बोलल्या काय गो, कशी हाय हिराबाय? मी बोलले तिचे पाय जाऊन बघा आणि मग बोला. बाळंतिणीचे पण एवढे मऊ नसतात. तुमच्यात एकीच्या सुनेने कधी तुमचे पाय चोळलेत का? लाटणी तेवढी चालू. त्या दिवसापासून सुरेशला कोणी काय बोललं नाय. आणि त्याच्या पुढचं ऐका. पावसाआधी आमच्या शेजारच्या महादूला, त्याला पॅरालिसिसचा हलका झटका आला होता, काठी घेऊन हळूहळू चालायचा, त्याला पण त्याच सेंटरला नेऊन ठेवला. त्याची सून घरोघर सांगत फिरली, काकीने स्वतः बघितलंय. माझ्या शब्दावर माणूस गेला.

दसरा झाला, तेव्हा रोह्याला भाचीच्या पोराचं बारसं होतं. जेवून उठले, मनात आलं इथपर्यंत आलोय तर बघून जाऊ वयनीला. कोणाला बोलले नाय, रिक्षा केली आणि गेले. गेटवरचा माणूस बोलला आजी, भेटायची वेळ संपली, पाटी वाचा. मी बोलले मी चौथी शिकले, वेळ वाचायला पाचवीत शिकवतात. हसून सोडलं त्याने.

वयनी तिथंच खिडकीजवळ. तोच गाऊन, तीच खाट, पण खाटेला दोन्ही बाजूंनी लोखंडी कठडा वर केलेला, पाळण्याला असतो तसा. गेल्या वेळी तो खाली होता म्हणून दिसला नव्हता. मी बसले. थोडं बोलली, मिठाचं बोलली, सासूचं बोलली. मग कुशीवर वळायला गेली आणि हळूच बोलली, मुतायला आलंय गो. मी बोलले मग ऊठ, मी धरते. तर ती माझ्याकडे बघून, जशी एखादी शाळेतली पोरगी धडा बोलून दाखवते ना तशी बोलली, इथं उठायचं नसतं. इथं पडून तसंच करायचं, डायपर हाय.

मी बोलले डायपर गेला खड्ड्यात. कठडा कसा खाली करायचा ते मला कळेना, खटपट करून केला. तिचे दोन्ही पाय खाली घेतले आणि फरशीला टेकवले. ताई, ती ओरडली. नुसती फरशी लागली तर निखाऱ्यावर ठेवल्यासारखी ओरडली, आणि गुडघे असे गेले, जसे नव्हतेच, आणि आम्ही दोघी खाटेवर कोसळलो, ती खाली, मी वर. तिचा पाय माझ्या हातात होता, तोच गुलाबी मऊ तळवा. तेव्हा मला कळलं मी काय बघून पास केलं होतं. कोणी बाईला सुखात ठेवलं म्हणून तो पाय मऊ नव्हता झाला, त्या पायाला कित्येक महिने जमीन लागली नव्हती म्हणून झाला होता. घरात बसणाऱ्या सुनेचे पाय मऊ असले तरी ती चुलीपासून दारापर्यंत चालते, पाय पाय राहतो. हा पाय पाय राहिला नव्हता. आणि मी आयुष्यभर पाय बघणारी, मला त्यातलं एवढं कळलं नाय.

ओरडणं ऐकून नफीसाबाय धावत आली. ही तिथली मावशी, रोह्याच्याच मोहल्ल्यातली, नवरा आखाती देशात गेला तो तिकडेच दुसरा संसार करून राहिला, तेव्हापासून बाई अशीच कामं करते. मला उठवून बसवलं, वयनीला नीट केलं आणि माझ्यावर डाफरली. तुला कोणी सांगितलं तिला उभी करायला? हाड मोडलं असतं तर? मी बोलले ती चालत होती गो बाय, कोलाडपर्यंत चालत गेली होती. ती बोलली मला नको सांगू, इथं आली तेव्हा मीच तिच्यामागून गेटपर्यंत पळायची. दोनदा गेट ओलांडलं तिने. मॅडम बोलल्या कठडा लावा. कठडा लावला तर रडायची, ओरडायची, मग डॉक्टरांनी गोळी चालू केली. आता ओरडत नाय. मी बोलले हात धरून चालवायची ना रोज थोडी. तर नफीसा बोलली, कोण चालवील? इकडे मी आणि एक सिस्टर, बाकी सगळ्या खाटा भरलेल्या. हिला घेऊन गेले तर तो पलीकडचा पडतो. आणि ऐक बाय, ती पडली तर जबाब मला द्यायचा आहे, नोकरी माझी जाते. पडून राहून गेली तर कोणी जबाब मागत नाय. मग ती वयनीच्या पायाला हात लावून बोलली, तेल मीच लावते, मला कोणी सांगितलेलं नाय, माझ्या आईचे पण असेच फुटलेले होते.

तिला काय बोलणार. मी वयनीचं पांघरूण सारखं केलं आणि खाली उतरले.

महादू खालच्या हॉलमध्ये चाकाच्या खुर्चीत होता. पट्टा बांधलेला. काठी भिंतीला टांगून ठेवली होती, त्याला दिसेल अशी, हाताला लागणार नाय अशी.

मॅडमना भेटले. त्या तशाच हसून बोलल्या, आजी, आमच्याकडे आजपर्यंत एकही माणूस पडलेलं नाय. मी बोलले उठूच दिलं नाय तर पडेल कुठून. त्या चिडल्या पण नाय. शांतपणे बोलल्या, बरोबर आहे तुमचं, मग तुम्ही घेऊन जा ना त्यांना, तुम्ही चालवा. आता ताई, आमच्या घरचा संडास मागच्या अंगाला, पायऱ्या उतरून. माझे गुडघे मलाच धरत नाय. सून सकाळी पेणला कामाला जाते. कुठे नेऊ, कशी नेऊ. मी त्या मऊ खुर्चीत बसून राहिले आणि त्यांनी दिलेला चहा प्यायले. चहा चांगला होता, मेला.

तिथून सुरेशकडे गेले. बोलले तू मला शब्द दिला होतास. आता मी बोलते, ते स्थळ नापास, आण आईला. तो जेवत होता, सेकंड शिफ्टला जायचं होतं. त्याने फोन काढला, सेंटरमध्ये कॅमेरे आहेत, त्यात आई दिसते, मला दाखवली. काकी, बघ, शांत झोपलीय. घरी होती तेव्हा एक दिवस शांत झोपली नाय, आम्ही पण नाय. मी बोलले ती शांत नाय, ती बांधलेली आहे. मनीषा स्वयंपाकघरातून बोलली, काकी, तुम्हीच बोललात ना गावात, राणीसारखी ठेवलीय म्हणून? आता काय झालं? सुरेश खाली बघून बोलला, चालायला लागली तर पुन्हा नदीवर जाईल काकी. एक दिवस मला तिचं प्रेत मिळेल. मी काय करू ते तू सांग. त्या मुलाला रात्रीची झोप पाहिजे होती आणि ती त्याला माझ्या शब्दाने मिळाली होती. मी ती परत मागत होते.

गावात आले, ओट्यावर सांगितलं, मी चुकले, त्या पायाचा अर्थ मला लागला नाय, माझा शब्द परत घेते. तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. लॉकरवाली बोलली, तेव्हा एक, आता एक, म्हातारीचं डोकं पण चाललं वाटतं हिराबायसारखं. दुसरी बोलली जावेचं बरं चाललेलं हिला आधीपासून बघवत नाय. महादूच्या सुनेने तर हात जोडले. बोलली, काकी, आता आमची झोप नको मोडूस, बाबा तिकडे नीट आहेत, तू स्वतः बघितलंयस. मी वाईट बोलायची तेव्हा सगळं गाव कान देऊन ऐकायचं. पहिल्यांदा आयुष्यात एकदा चांगलं बोलले, तेच नेमकं धरून बसले.

आता मी दर मंगळवारी रोह्याला जाते. एसटीने. सुरेशच्या मागे लागून लागून त्याच्याकडून मॅडमना फोन करवला, काकीने आईला उभी केली तर पडली तरी आमची तक्रार नाय. एवढं तरी केलं त्याने. मॅडम बोलल्या तुम्ही असाल तेवढा वेळ, नंतर कठडा वर. नफीसाबाय एका बाजूने धरते, तिला वेळ असला तर, मी एका बाजूने. वयनी मला अशा शिव्या देते की खालच्या हॉलमध्ये ऐकू जातात. रांडे, माझी पाटी टाकलीस, आता मला टाकतेस? मी बोलते टाकते, पड, पडलीस तरी पायावर पडशील. दिवाळीनंतर गोळी थोडी कमी केली डॉक्टरांनी, आता कठड्याला धरून उभी राहते. चालत नाय. चालेल असं मला वाटत नाय, खोटं कशाला बोलू. एका मंगळवारी जेवढं कमावते ते पुढच्या मंगळवारपर्यंत खाटेवर घालवते. तळव्याला मात्र जरासं राठ लागायला लागलंय, नफीसा बोलली तेल लावू का नको आता, मी बोलले लाव, तुझ्या तेलाने काय बिघडलं नाय.

महादूचं मी काही करू शकले नाय. त्याच्या घरचे मॅडमना तसा फोन करत नाय. मी गेले की तो काठीकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालते.

गेल्या महिन्यात मी मोरीच्या दगडावरून घसरले. काय मोडलं नाय, कोपर सोललं. संध्याकाळी मुलगा सुनेला हळू आवाजात सांगत होता, मी बहिरी आहे असं वाटतं त्या दोघांना, बोलला, पुढेमागे तशी वेळ आलीच तर रोह्याचं सेंटर आहे ना, लांब शोधायला नको, आईने स्वतः जाऊन पास केलंय. सून बोलली व्हय, दोघी जावा सोबत राहतील, बरं वाटेल त्यांना. चांगल्या मनाने बोलली. मी आत जाऊन भांडले नाय. काय भांडू, बोलणं माझंच होतं.

म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा मी बसले सांगायला, नायतर मला वेळ नाय. गाव माझं ऐकत नाय, तुम्ही लिहिलेलं कोणी ऐकलं तर बघा. आईबापाला ठेवायची वेळ आली तर ठेवा, मी पाप बोलत नाय, मी पण वयनीला घरी आणू शकले नाय. पण न सांगता जा. आणि फरशी, भात, तेल काय बघू नका, त्यांना उभं करून बघा. मी रोज सकाळी बांधापर्यंत जाऊन येते अजून. सून दारातून ओरडते, आई, नका जाऊ, पडाल. मी बोलते पडेन. सुखी राहा तुम्ही, निघा आता, शेवटची एसटी थांबत नाय कोणासाठी.